शनिवारचं इंजेक्शन, गणपतीचे डोळे

५ जुलै, शनि.
चौथं इं. घेतलं. पूर्ण शब्द लिहीत नाही, वही सासूबाईंच्या हाती लागायची. डबी फ्रीजच्या दारात, लोण्याच्या वाटीमागे. उमेशचं म्हणणं, आईला कशाला सांगायचं, वजन उतरलं की दिसेलच. नवऱ्याला काय जातंय बोलायला. तो रोह्याला कंपनीत शिफ्टला, घरात दिवसभर मी.

६ जुलै, रवि.
नुसती मळमळ. ढेकर येतात ते कुजक्या अंड्यासारखे. आईंनी पोह्याचे पापड तळायला घेतले, त्या वासानेच मोरीकडे पळाले. चार दिवस कोठा साफ नाही ते वेगळंच. शी, कुणाला सांगू हे?
तरी संध्याकाळी घरच्या गणपती-कारखान्यात पंचवीस मूर्तींची आखणी केली. डोळे काढताना श्वास रोखून धरते, तेवढा वेळ पोटाचा विसर पडतो.

८ जुलै, मंगळ.
रोह्याला डॉक्टरबाईंकडे. पेणात दाखवायची सोय नाही, निम्मं पेण ओळखीचं. बाई म्हणाल्या, थोडं थोडं खा, तळलेलं-तुपकट बंद, पाणी घोट घोट, जेवून लगेच आडवी होऊ नको. डोस इतक्यात वाढवायचा नाही. उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच ये. आणि पुन्हा बजावलं, हे चालू असेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. आधी वजन, मग हे बंद, मग मुलाचं बघू.
नऊ वर्षं थांबले, आणखी थांबेन.
परतताना गाडीतच ढवळायला लागलं. निडी स्टेशन आलं, उतरले नि फलाटावरच ओकले. पाठ चोळायला कोण? आमच्या जोहे गावच्या सुमनकाकी, त्याच गाडीत होत्या. पाणी दिलं नि गालात हसल्या. का हसल्या ते तेव्हा कळलं नाही. गाढव मी.

९ जुलै, बुध.
काकींनी काम चोख केलं. सकाळी कारखान्यात आईंनी हातातला ब्रश अलगद काढून घेतला.
"पोटुशी बाईने देवाचे डोळे काढायचे नाय गो. आपल्यात चालत नाय."
सांगायला तोंड उघडलं, तर त्यांचे डोळे भरलेले. मिटलं.
नऊ वर्षांत बाईने मला मुलावरून एक शब्द ऐकवला नाही. बाहेरच्या बायका बोलल्या तर त्यांना फटकारलं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?
डोळे आता धाकटी जाऊ काढते. डावा मोठा, उजवा बारीक. तीनशे मूर्ती बाकी आहेत. मी धूळ पुसत बसते. बघवत नाही.

११ जुलै, शुक्र.
सकाळी तुपातला लाडू, दुपारी वालाचं बिरडं, चारला पुन्हा लाडू. डॉक्टरबाई म्हणतात थोडं थोडं, आई म्हणतात दोन जिवांचं खा. समोर बसून खाऊ घालतात, उठू देत नाहीत. दोनदा ओकले तर खूश! ओकारी जास्त म्हणजे बाळाला जावळ दाट म्हणे.
उमेशला म्हटलं, आजच्या आज सांग. म्हणतो, गणपती होऊ देत. म्हणजे दीड महिना मी खोटी पोटुशी? मग मीच सांगते म्हटलं.
रात्री फक्त पेज. दोन घोट. पोटात राहिली.

१२ जुलै, शनि.
सकाळी इं. घ्यायला फ्रीज उघडला, डबी नाही. वळले तर मागे आई, डबी त्यांच्या हातात. इंग्रजी वाचता येत नाही त्यांना, पण सुईचं चित्र आहे वर. घाम फुटला. वाटलं, सुटले एकदाची.
"हे बाळासाठीच हाय ना गो?"
"व्हय," म्हटलं.
खोटं कुठे आहे? बाळासाठीच तर आहे.
"मग टोच. मी हाय इथे." माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सुई पोटाला टेकवली, डोळे काढताना धरते तसा श्वास रोखून धरला. सावकाश, सावकाश, म्हणत राहिल्या. टोचलं.
डबी त्यांनीच परत ठेवली. लोण्याच्या पुढे.
आता ओटीवर बसून जुनं लुगडं फाडतायत. दुपट्यांसाठी. टरटर आवाज इथवर येतोय. एक झालं, दुसरं घेतलं.
जाऊन हात धरावा त्यांचा. एवढं लिहून होऊ दे, उठते.
तिसरं घेतलं.