जामीन कोण राहणार

कासारवाडी,
ता. ९ मार्च १९५८

तीर्थरूप आत्याबाईंस,

कौशल्येचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. हे पत्र शाळेतल्या इंदुताईंकडूनच वाचून घ्या, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.

तुमच्या लेकाचं दोन महिने पत्र नाही, कारण त्यांचा उजवा हात मोडला. सायकलवरून पडले. प्लास्टर परवा काढलं.

माझी खानावळ आता एकतीस डब्यांवर गेली आहे. सगळी पिंपरीच्या कारखान्यांतली माणसं. फाटकाजवळ पत्र्याची एक शेड भाड्यानं मिळतेय, म्हणून पुण्याला बँकेत कर्जाची चौकशी केली. तिथले कारकून दौलतराव म्हणाले, "बाई, तीन वर्षांच्या वह्या, किराण्याच्या पावत्या, भाडेपावती आणि एक जामीनदार आणा. अर्ज तुमच्याच नावानं लागेल. धंदा तुमचा आहे." पंधरा दिवस मी कागद गोळा करत होते. वाण्याकडे जुन्या पावत्यांसाठी चार खेपा घातल्या.

आत्याबाई, सायकलचं खोटं आहे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी ह्यांनी तो अर्ज वाचला. "सगळीकडे तुझंच नाव. मग मी कोण, तुझं गिऱ्हाईक?" असं म्हणून वह्या चुलीत घातल्या. मी हात घालून त्या ओढल्या. तेव्हा ह्यांनी जळतं लाकूड उचलून माझ्या पाठीवर घातलं. केस धरून डोकं उंबऱ्यावर आपटलं. एक दात तिथंच पडला. मार मला नवा नव्हता, पण एरवी ते थांबायचे. त्या दिवशी गळा धरला आणि सोडीनात. माझ्या हाताला वरवंटा लागला. तो मी मनगटावर मारला, तेव्हा गळा सुटला.

इथवरचं कुणीही पदरात घेईल. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

ते खाली बसले होते, हात पोटाशी धरून. "कौशे, पुरे," म्हणाले. मी तो हात ओढून फरशीवर ठेवला आणि बोटांवर वरवंटा घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं, तरी आणखी एकदा घातला.

दवाखान्यात सायकलचं त्यांनीच सांगितलं. दोन बोटं आता वळत नाहीत. लेथवरचं काम गेलं. मी घास भरवते, ते खातात. बोलणं नाही. काल तेवढं विचारलं, "शेडचं काय झालं?" मी पुढचा घास केला.

जळक्या वह्या बँकेत चालल्या नाहीत. मग डबा नेणारे उद्धवराव फिटर यांनी एका कागदावर लिहिलं, "आम्ही या बाईंकडे जेवतो आणि महिन्याच्या महिन्याला पैसे देतो." त्याखाली एकतीस जणांनी सह्या, अंगठे केले. दौलतरावांनी तो कागद घेतला. आता जामीनदार तेवढा राहिला. तुमच्या माहेरची दोन एकर तुमच्या नावावर आहे. तिचा सातबारा आणि तुमचा अंगठा लागेल.

लग्नाच्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, डाव्या कानानं ऐकू का येत नाही. "बैलानं मारलं," म्हणालात. मामंजी शेजारीच बसले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि मला भाकरी वाढलीत. मला तेव्हा कळलं नव्हतं.

माझी कीव करून अंगठा देऊ नका. तुमच्या लेकाचा हात मी मोडला. तो खाली बसल्यावर मोडला. पुन्हा माझा गळा धरला तर मी पुन्हा मारीन. एवढं ऐकून घ्या आणि मग द्यायचा तर द्या.

तुम्ही म्हणाल तर तुमची सून,
नाहीतर नुसती
कौशल्या