टेकडीवरच्या शाळेचा गणवेश

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुझ्या बोटीवर पोचेपर्यंत तू कुठल्या बंदरात असशील देव जाणे. तू विचारलं आहेस की आपल्या भागातल्या तीन सरकारी शाळांमधली खरी चांगली कोणती, टेकडीवरचीच ना? लेकीला माझ्याकडे ठेवून जाताना निकाल बघून तूच तिचं नाव तिथे घातलंस, आणि आता भर समुद्रात तुला शंका सुचतात. तुझं लहानपणापासून हे असंच. आधी उडी मारायची, मग पाणी किती खोल म्हणून विचारायचं.

मला निकालातलं काही कळत नाही. मी तिन्ही शाळांचे गणवेश शिवते, तेव्हा कपड्यांवरून काय ते सांगते. बाजारातल्या शाळेची पोरं म्हणजे निव्वळ माकडं. गुडघे फाटलेले, खिशाला शाई, एक बटण कायम गायब. मापं घ्यायला गेले की एकही सरळ उभं राहत नाही, माझा टेप गळ्यात घालून पळतात. कालव्याकाठच्या शाळेतले गुरुजी कडक, तिथल्या पोरांच्या बाह्यांची टोकं चघळलेली असतात. पण गणित पक्कं. बाजारातली शाळा मला कधीच आवडली नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

टेकडीवरची शाळा मात्र बघत राहावी अशी. कुठे ओरडा नाही, भिंतीवर रेघोटी नाही. मुलं ओळीने येतात आणि मी टेप उचलायच्या आधीच हात अंगापासून जरा दूर धरून उभी राहतात. वाढत्या मुलांच्या कपड्यात आम्ही शिंपी आत जादा कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवून कपडा लांब करायचा. दर सुटीनंतर बाजारातल्या शाळेतल्या पोरांच्या आया त्यासाठी माझ्या दारात भांडत असतात. टेकडीवरून कधी कुणी आलं नाही. यंदा तिथे मापं घेताना माझ्या लक्षात आलं, मी टेपकडे न बघताच आकडे सांगतेय, आणि ते बरोबर येताहेत. गेल्या वर्षीचेच आकडे, त्याच मुलांचे. एका आईला विचारलं, तर ती म्हणाली, तुमचे कपडे टिकतात हो फार! मीही हसले आणि घरी आले.

आता आपल्या भिंगरीचं. तिची आई गेल्यापासून पोर किती उधळली होती, तुला माहीत आहे. जेवताना मध्येच उठायची, झोपेत हाका मारायची. तू जाताना म्हणालास, ताई, जरा शांत झाली तरी पुरे. तर ती शांत झाली. चपला जोडीने ठेवते, पानात वाढलेलं मुकाट संपवते, आईचं नाव काढत नाही. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं होतं.

मग एकदा तिला न्हाऊ घालताना मी तिची हनुवटी वर केली. धक्क्यावर तुला निरोप देताना तिने जिभेने हलवून दाखवलेला खालचा दात आठवतो? तू त्याला दोरा बांधायची धमकी दिली होतीस. इतके महिने झाले, तो तसाच हलत होता. पडला नव्हता, घट्टही झाला नव्हता. तिची नखं आपण शेवटची कधी कापली ते मला आठवेना. टेप आणून तिचं माप घेतलं, आणि धाकट्या, पहिला गणवेश शिवला तेव्हाचंच माप, सूतभरही वाढ नाही. ती हात अंगापासून जरा दूर धरून उभी होती.

दुसऱ्याच दिवशी तिला तिथून काढून बाजारातल्या शाळेत घातलं, तुला न विचारता. रागावायचं तर खुशाल रागाव. काल टेकडीवरच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. फार गोड बोलल्या. भिंगरीची जागा तशीच ठेवली आहे म्हणाल्या, आणि नव्या गणवेशाचं कापड पुढे केलं. मी टेप शोधायला लागले, म्हणजे नुसता वेळ काढायला, तर त्यांनी तिची सगळी मापं तोंडपाठ म्हणून दाखवली. म्हणाल्या, कधीही शिवा, हीच राहतील. वडिलांची परवानगी आली की पुरे, त्यांना मी लिहितेच आहे.

म्हणून हे पत्र घाईने टाकतेय. त्यांचंही येईल, आणि ते वाचून तुला वाटेल की लेक शांत होती तेच बरं होतं. आज भिंगरी गुडघा फोडून घरी आली आणि आई हवी म्हणून भोकाड पसरून रडली. मी समजूत काढली नाही, तिला पोटाशी धरून तिच्याबरोबर रडले. तुलाही हे ऐकणं जड जाईल, मला कळतं. पण सोबत कापडाच्या चिंधीत गुंडाळून तिचा दात पाठवते आहे, दुपारी शाळेतल्या धक्काबुक्कीत पडला. तो आधी हातात घे, आणि मगच त्यांचं पत्र उघड.

तुझीच,
ताई