दुपारचा हिरवा ठिपका

९ फेब्रुवारी

आलं एकदाचं खोकं! कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधून भंगारात काढलेलं मशीन. मी तिथली टेक्निशियन, म्हणून विचारायचं धाडस केलं, तर सर म्हणाले, "ने, नाहीतरी धूळच खातंय." ताईने स्कूटरवर पायांमध्ये धरून आणून दिलं आणि जिना चढता चढता म्हणाली, "नवरा गेला, खोकं आलं." मग स्वतःच जीभ चावली. मला मात्र खरंच हसू आलं.

ठेवायचं कुठे? तापतं, घरघरतं. शेवटी त्याच्या कपाटाचा खालचा कप्पा. कपडे नेल्यापासून रिकामाच आहे. हवा खेळायला दार उघडं ठेवावं लागणार, म्हणजे येता-जाता ते रिकामं कपाट दिसणार. दिसू दे.

१२ फेब्रुवारी

जुन्या लॅपटॉपवरून सगळं नव्या मशीनवर घेतलं. आमचे सिनेमे, मालिका, गाणी, दोघांची दोन खाती. त्याचं खातं गाळता आलं असतं. एक बटण होतं. नाही गाळलं.

हे मशीन आता सर्व्हर, म्हणजे यातले सिनेमे नेटवरून दुसऱ्या घरच्या टीव्हीवरही दिसतात; त्याच्या आईच्या टीव्हीवर त्याचं खातं त्यानेच जोडून दिलं होतं. मशीन सगळं लक्षात ठेवतं. कोणी काय बघितलं, कुठे थांबलं. जेवताना आम्ही बंदरावरच्या खुनाची ती मालिका बघायचो, त्याच्याच खात्यावर. दुसरं पर्व, पाचवा भाग. डॉक्टर बोटीतून उतरतो तिथे खूण अजून तशीच आहे. तिथेच त्याने रिमोट दाबला होता. म्हणाला, "मला बोलायचंय." मला वाटलं, भाजीत मीठ कमी असेल.

"काही दिवस आईकडे राहतो" म्हणून गेला. त्याला आता पाच महिने झाले.

१६ फेब्रुवारी

मशीनचा अर्धा भाग सिनेमांना, अर्धा माझ्या लॅबला. लॅब म्हणजे काय, एका मशीनच्या पोटात तीन खोटी मशीनं चालवायची, त्यांची मुद्दाम वाट लावायची, मग दुरुस्त करायची. एप्रिलमध्ये बढतीची परीक्षा आहे. पास झाले तर वरची जागा. सर म्हणाले, "तुझ्याशिवाय आहे कोण?" बरं वाटलं. पाच महिन्यांत कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

२० फेब्रुवारी

घरी आल्या आल्या आधी हे लिहायला बसले.

दुपारी तीनच्या सुमारास कॉलेजच्या लॅबमध्ये टेबलाखाली वायरी बघत होते. सर्व्हर नीट चालतोय का म्हणून सहज मोबाईलवर बघितलं, तर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका! म्हणजे त्या खात्यावरून कोणीतरी बघतंय. टीव्हीवर, त्याच्या आईच्या घरी. पाचवा भाग, डॉक्टर बोटीतून उतरतो तिथून पुढे.

त्याने थांबवलं तिथूनच सुरू केलं त्याने. टेबलाखालून उठताना डोकं आपटलं. मुलं हसली. हसू देत.

२१ फेब्रुवारी

आज पण. तीनलाच.

२६ फेब्रुवारी

रोज लावतो. दुपारी घरी कसा? घरून काम करत असेल. नाहीतर रजेवर. आजारी तर नसेल?

खाली भाषांतराची अक्षरं येतात ती मोठ्यात मोठी करून घेतलीयेत. सांगून थकले होते, डोळे तपासून घे, चष्मा लाव. तेव्हा नाही ऐकलं. आणि एकच भाग तीन-तीनदा चालतो. म्हणजे लक्ष नाही. बसलाय समोर आणि मनात दुसरंच काहीतरी चाललंय. मला त्याचा तो चेहरा माहीत आहे.

४ मार्च

वकिलाचा कागद आला. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं, सही करून पाठवा. फ्रिजवर ठेवला, वर डबा ठेवला. रोज दुपारी माझ्या घरातली मालिका बघणारा माणूस खरंच सही मागत असेल? वकिलाला काय, त्याचं काम आहे ते.

९ मार्च

ताई आली होती. सांगितलं तिला ठिपक्याचं. म्हणाली, "अगं, मग फोन कर ना सरळ."

"नको. विचारलं तर बंद करेल."

"बावळट आहेस." आणि कुकर लावायला उठली. तिला राग आला की ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात घुसते.

१३ मार्च

माझी खोटी मशीनं चालू असली की जुन्या खोक्याचा जीव अर्धा होतो, सिनेमा अडखळतो. काल तीनला तसंच झालं. ठिपका दोनदा गेला, दोनदा आला. कंटाळून उठला असता तर? लॅब बंद केली. अभ्यास संध्याकाळी करेन म्हटलं, पण संध्याकाळी मी त्याच्यासाठी सिनेमे शोधत बसते.

१७ मार्च

त्याचे आवडते जुने विनोदी सिनेमे चढवले. दुसऱ्याच दिवशी त्यातला एक लागला! म्हणजे नवीन काय आलंय ते बघतो. म्हणजे कळतं त्याला, इकडे मी आहे ते.

बऱ्याच दिवसांनी आज स्वतःसाठी नीट स्वयंपाक केला.

२५ मार्च

दोन दिवस ताप. काही चढवलं नाही, मशीनकडे बघितलंही नाही. आज उठून बघते तर ठिपका दिवसभर होता. सकाळपासून. एकच सिनेमा, संपला की परत पहिल्यापासून.

वेडा आहे तो. आणि मीही.

६ एप्रिल

परीक्षा आज होती. गेले नाही. तयारीच नव्हती, जाऊन काय दिवे लावणार? सर नुसते "बरं" म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

१४ एप्रिल

मालिका संपली त्याची. शेवटचा भाग पूर्ण झाला. मी अजून बघितलेला नाही, आम्ही दोघं मिळून बघणार होतो.

१५ एप्रिल

राहवलं नाही. मेसेज टाकला. सात महिने त्या वकिलाच्या कागदाशिवाय दुसरा शब्द नाही आमच्यात, आणि मी काय लिहिलं — "शेवट कसा वाटला मालिकेचा?"

जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. इथे जसंच्या तसं उतरवते, म्हणजे पुन्हा कधी मला शंका यायला नको.

"कुठली मालिका? ते खातं मी तिथून निघाल्यापासून उघडलेलंही नाही. काढून टाक. आणि सही झाली का?"

१६ एप्रिल

खातं काढलं. मशीनने विचारलं, नक्की? हो म्हटलं. फ्रिजवरचा कागद काढला, सही केली, पाकिटात घातला. मग त्या कपाटासमोर जमिनीवर बसून रडले. मशीन शेजारी घरघरत होतं. इतकं वाईट मला तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान तो परत येईल असं वाटत होतं.

१७ एप्रिल

दुपारी लॅबमध्ये असताना सासूबाईंचा फोन. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. कधी फार जमलं नाही आमचं, पण वाकडंही नव्हतं. मी व्हरांड्यात जाऊन उचलला.

"अगं, टीव्हीवर ते तुझं लागत नाहीये आजपासून. नाव विचारतंय."

मी भिंतीला टेकले. "आई, तुम्ही बघत होतात?"

"मग कोण? दुपारी घरात मीच तर असते."

"आणि तो?"

त्या म्हणाल्या, "तो इथे कुठे असतो गं. आला आणि महिन्याभरात गेला. तिच्याकडे. तुला सांगू नको म्हणाला."

तिच्याकडे. म्हणजे कोणीतरी आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, एकट्या मला सोडून. मी म्हटलं, "तुमच्या त्या दुपारच्या करमणुकीपायी माझी परीक्षा बुडाली, कळतंय का तुम्हाला?" आणि फोन ठेवला. सासूबाईंशी इतक्या वर्षांत असं कधी बोलले नव्हते.

२० एप्रिल

पाकीट टाकलं पोस्टात. ताई सोबत होती. स्कूटरवर मागे बसून मी तिच्या पाठीला डोकं टेकलं, तर म्हणाली, "रड, पण पाठीवर शिंकरू नकोस."

२३ एप्रिल

कपाटाचं दार उघडंच आहे. सर्व्हर बंद करावा म्हणून दोनदा हात नेला. लॅबसाठी तरी राहू दे. सर म्हणाले, ऑक्टोबरात परत परीक्षा आहे.

आईंना फार बोलले. त्यांचा काय दोष? म्हातारं माणूस एकटं घरात, बघितली मालिका तर बघितली.

२७ एप्रिल

आज मीच फोन केला. माफी मागितली. म्हटलं, "तुमच्या नावाने नवीन खातं उघडते. ती मालिका आवडली का, तसलंच काहीतरी शोधून देते."

"मला नाही कळली गं ती," आई म्हणाल्या. "अक्षरं मोठी करून घेतली शेजारच्यांकडून, तरी वाचेपर्यंत पळतात. मी नुसती लावून ठेवायचे, आणि भाजी निवडायचे."

"मग लावायचात कशाला?"

"मध्ये एकदा आला तेव्हा त्यानेच बजावलं होतं, आई, ते लावू नको, तिकडे तिला दिसतं. म्हणून तर लावायला लागले. फोन करायचं तोंड नव्हतं माझं. म्हटलं, एवढं तरी दिसू दे तिला. आणि तूही सिनेमे टाकायचीस की. मध्ये दोन दिवस काही टाकलं नाहीस, तेव्हा मी सकाळपासून लावून बसले होते."