सील अजून आलेलं नाही

१७ नोव्हेंबर, मंगळवार

ती. ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल, तसं देवाकडे रोज मागतोच. इकडे तुझ्या भावजयीची टाच दुखायची थांबली. धाकटीची परीक्षा संपली. बाबांचा तो ताप उतरूनही आता बरेच दिवस झाले. फोनवर तू विचारलंस, "होडी का बंद आहे रे?" तेव्हा मी "इंजिनाचं काम निघालंय" एवढंच म्हणालो. बाबा शेजारीच बसले होते. म्हणून हे पत्र.

काम खरंच निघालंय. तुझ्या वेळचं इंजिन आपण हाताने वर उचलायचो. या नव्याला बटण आहे. बटण दाबलं की तेलाच्या दाबावर एक चकचकीत दांडा बाहेर सरकतो आणि इंजिन पाण्यातून वर उठतं. पलीकडच्या धक्क्याला पाणी उथळ, खाली खडक. तिथे इंजिन वर घेतलं नाही तर पंखा गेलाच म्हणून समज. तर हा दांडा जिथून बाहेर येतो तिथूनच तेल गळायला लागलं. वर उचललेलं इंजिन, जेवणानंतर खुर्चीत पेंगणाऱ्या माणसासारखं, हळूहळू खाली यायचं.

मी ते उघडलं. टोपण इतकं गंजलेलं, की पाना घसरून बोटाचं सालपट निघालं. आतलं रबरी सील बदललं, दांडा घासून पुसून घेतला, तेल भरलं, इंजिन वरखाली करून हवा काढली, देवाचं नाव घेतलं. थोडे दिवस बरे गेले आणि परत गळती. परत उघडलं, परत नवं सील, परत गळती. मी रागावणारा माणूस नाही, तुला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी पाना पाण्यात भिरकावला. आणि मग कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तोच शोधत बसलो. तुझी भावजय काठावरून म्हणाली, "मासे लागले तर तेही आणा."

दुकानदाराकडे गेलो तो भांडायलाच. "डुप्लिकेट माल गळ्यात मारलास," म्हणालो. त्याने माझं काढलेलं सील चिमटीत दाबून बघितलं. भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं.

"काका, माल चांगलाय," तो म्हणाला. "त्याच्या पोटात काय घातलंत ते सांगा."

"जे घालायचं तेच."

"मग हे पोटुशी बाईसारखं का फुगलंय?"

त्याने वर आणखी एक सील दिलं, तेही तोंड वाकडं करून. घरी येऊन टाकीचं बूच काढलं आणि वास घेतला. ब्रेकचं तेल! आपल्या टेम्पोच्या ब्रेकमध्ये घालायचं तेल या सीलचं वाटोळं करतं, हे आपल्या घरात पोराटोरांनाही माहीत आहे. मी भरलेलं तेल बरोबरच होतं. पण रोज सकाळी वरून भर घालतात ते बाबा.

तेलापेट्रोलचे डबे अजून तुझ्या वेळचेच आहेत. सगळे एकसारखे, सगळे कोरे. "लिहायला कशाला हवं? देवानं नाक दिलंय ना?" असं म्हणून बाबा आपल्या डोळ्यांवर फडकं बांधून नाकाखाली बूच धरायचे, "सांग." तू कधी चुकली नाहीस आणि नंतर आठवडाभर नाकाने कांदे सोलायचीस. मी दर वेळी चुकायचो.

बाबांना विचारलं. "वास घेऊनच घातलंय," म्हणाले. "चुकला असशील तूच. लहानपणापासून चुकतोस." मी टाकीचं बूच परत लावलं. तुझी भावजय मात्र स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "मघाशी दूध करपलं. मला मागच्या अंगणात वास आला, आणि ते शेगडीशेजारी बसून पेपर वाचत होते. त्या तापानंतर असंच चाललंय. तुम्हालाच कळत नाही."

कळत होतं गं. पण माणूस सील बदलू शकतो, तेवढंच बदलत बसतो.

आता जे फोनवर बोललो नाही ते लिहितो. दुसऱ्या दिवशी गळती बघायला मी होडीत मागे बसलो होतो, चालवायला बाबा. होडी उतारूंनी भरलेली. रोज पलीकडच्या दवाखान्यात जाणारी नर्सबाई होती, तिच्या मांडीवर शेजारणीचं मूल. ती म्हणाली, "आजोबा, पेट्रोलचा फार वास येतोय हो."

बाबा म्हणाले, "होडी आहे बाई, अत्तराचं दुकान नाही." सगळे हसले.

मी पायाखालची फळी उचलली. पेट्रोलची नळी सुटली होती आणि खाली पेट्रोल साचलं होतं. मान वर केली तर बाबांच्या ओठांत बिडी, आणि काडी पेटीवर टेकवलेली.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. काडेपेटी पाण्यात गेली. बापाच्या हातावर, ताई, लोकांदेखत. बाबा आधी माझ्याकडे बघत राहिले. मग खाली, पेट्रोलकडे. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासून होडी काठावर आहे. दांडा काढून मी पडवीत ठेवलाय. नर्सबाई लांबच्या पुलावरून जाते आणि भेटली की मला सुनावते. मी सगळ्यांना सांगतो, सील आलेलं नाही. बाबांनाही तेच सांगितलं.

सील माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. प्रार्थनेला हात जोडले की मनगटाला लागतं. देवासमोर खोटं घेऊन बसायचं, ते असं. बसवायला एक दुपार पुरेल. पण बसवलं की बाबा होडीत चढणार, आणि "बाबा, आता नको" हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. तोंड उघडलं की मी त्यांच्यासमोर परत फडकं बांधलेला पोरगा होतो. चिडचिड होते नुसती. त्यांच्यावर, त्या मुक्या डब्यांवर, माझ्यावर. तू बोललीस तर ऐकतील. तुझ्या नाकापुढे त्यांनी कधी वाद घातला नाही.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. बाबा पायरीवर डबे मांडून बसले होते. "इकडे ये," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "डोळे मीट."

मी या वयात, पायरीवर उकिडवा बसून डोळे मिटले.

"सांग."

"ब्रेकचं."

"सांग."

"दांड्याचं."

"सांग."

"पेट्रोल, बाबा."

पुढचं बूच आलं नाही. डोळे उघडले तर ते शेवटचं बूच स्वतःच्या नाकाला लावून बसले होते. मग त्यांनी मागून रंगाची डबी आणि ब्रश काढून माझ्यापुढे सरकवला.

"लिही डब्यांवर."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्यांनी प्रत्येक डबा वळवून वाचला. उठताना त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली.

"सील आलं नाही ना अजून?"

"नाही."

"येईल," ते म्हणाले. "घाई नाही."

आपले बाबा, ताई! घाई नाही म्हणाले.

तू ये. होडी कुणी चालवायची ते आपण तिघं पायरीवर बसून ठरवू. तोवर सील आलेलं नाही.

तुझा,
या वेळी न चुकलेला
धाकटा