हलकं बीम

सर, तुम्ही जयसिंगपूरहून एसटीनं आमच्या इचलकरंजीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला यायचात. आमच्या नववीतल्या निम्म्या मुलांना मराठीही धड वाचता येत नव्हतं. धड्यात एक वाक्य होतं, अंधाऱ्या खोलीत ‘अ बीम ऑफ लाइट’ जमिनीवर पडतो. अर्थ सांगायला तुम्ही मला उभं केलंत. लाइट म्हणजे हलकं, एवढं मला येत होतं. मी म्हणाले, "हलकं बीम खाली पडलं. हलकं हुतं म्हणून कुणाच्या पायाला लागलं न्हाई."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांची घरं यंत्रमागावर चालायची. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला, दोघांनी उचलायचा जड रूळ, हेच आम्हाला ठाऊक. हसलात तुम्ही एकटे, आणि आमच्या तोंडांकडं बघून थांबलात. मग मला विचारलंत, बीम म्हणजे तुला काय वाटलं ते सांग.

सहामाहीत मी इंग्रजीत नापास झाले होते. आता शाळा सोडून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, असं आप्पांनी ठरवलेलं. ते कळल्यावर तुम्ही शाळा सुटताच आमच्या मागाच्या शेडमध्ये आलात. मला अजून दिसतं, आप्पा खडखडाटात तुमच्यासाठी स्टूल पुसतायत, आई चहाला पळतेय. आप्पा म्हणतात, "सर, तिच्या डोक्यात न्हाई शिरत. उगं कशाला बाक अडवून ठेवायचा?" तुम्ही ओरडून काहीतरी सांगता, ऐकू येत नाही. तेव्हा आप्पा माग बंद करतात. चालू पाळीत त्यांनी कुणासाठी माग थांबवलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तिच्या डोक्यात शिरतंय," तुम्ही म्हणालात. "मलाच शिकवता आलं नाही."

पत्र्याच्या भोकातून उन्हाचा झोत आत आला होता, कापसाचे तंतू त्यात तरंगत होते. तो दाखवून म्हणालात, हे इंग्रजीतलं बीम. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. "हे तर रोज डोळ्यांवर येतंय की," म्हणाले, आणि दहावीपर्यंत शिकू दे, असं सांगून माग चालू केला.

दहावी झाले, पुढंही शिकले. आता तशाच शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली घरी भोजपुरी बोलतात आणि मराठी प्रश्न कळला नाही तरी मान हलवतात. पोर्शन संपवायची घाई असते. तरी चुकलेल्या उत्तरावर मी आधी विचारते, तुला काय वाटलं ते सांग. ही सवय तुमची. तिच्यामुळं काही मुली टिकल्या.

उद्या त्यांतल्याच एकीचे वडील तिचं नाव शाळेतून काढायला येणार आहेत. तुम्ही आता नाही आहात, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगायला धजते. त्या दिवशी तुम्ही आप्पांना ‘मलाच शिकवता आलं नाही’ म्हणालात, ते मला आजवर एकाही पालकापुढं म्हणता आलेलं नाही.