मन मोकळं

३ ऑगस्ट

पोचले एकदाची. आईची स्वतःची बस चालवायची ड्युटी होती, म्हणून तिने मला तिच्यासोबतच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसमध्ये बसवून दिलं आणि पोरीला खड्ड्यांतून नेलंस तर बघ, अशी त्याला तंबी दिली. बिचारा इतकं जपून चालवत होता की सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले.

कॉलेजच्या फाटकाशी हिरव्या शर्टातली मुलंमुली उभी होती. ही सगळी वरच्या वर्गातली. नव्या मुलांना हाताशी धरून इथे रुळवायचं काम कॉलेजने त्यांच्यावर सोपवलंय, म्हणून त्यांना सोबती म्हणतात. माझी बॅग घ्यायला तिघं पुढे आली. घरी मला पाण्याचा ग्लास कुणी देत नाही, आणि इथे ही बडदास्त.

आमच्या मजल्याच्या सोबतीला सगळे ताई म्हणतात. उंच, शांत, समोरच्याचं बोलणं मान जराशी कलती करून ऐकणारी. कुठल्या नळाला गरम पाणी येतं, कोणते सर उशीर झाला की दार लावून घेतात, वाचनालयात कुठल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, सगळं तिने फिरून दाखवलं. खोलीतली दुसरी मुलगी माझ्याआधीच आली होती आणि उशी पोटाशी धरून रडत बसली होती. मी मनातल्या मनात तिचं नाव रडूबाई ठेवलं. वाईट आहे मी. पण तिने मला तिच्या डब्यातला खाऊ दिला, तेव्हा आमचं जमेल.

६ ऑगस्ट

घरं बांधायला शिकायला आले आणि तीन दिवस नुसत्या सरळ रेघा मारतेय. मान आखडली. सर म्हणाले, आधी रेघ, मग भिंत, मग घर. बाबा ऐकतील तर म्हणतील, एवढ्यासाठी फी भरली काय?

संध्याकाळी चहा झाला की ताई आमच्या मजल्यावरच्या मुलींना व्हरांड्यात घेऊन बसते. तिचं म्हणणं, घरची आठवण पोटात ठेवली की ती कुजते. सांगून टाकावी, मन मोकळं होतं. आज रडूबाईची पाळी होती. तिचे अप्पा सायकली दुरुस्त करतात. चाकात हवा भरताना गाणं म्हणतात, आणि पंपाचा दांडा खाली गेला की त्यांचा सूरही खाली जातो. तिने ते इतकं हुबेहूब करून दाखवलं की आम्ही हसून लोळलो. ताई हसली नाही. ती ऐकत होती. भुकेलेल्याने ताटाकडे बघावं तशी.

रडूबाई त्यानंतर रडली नाही. ताईच्या हाताला गुण आहे.

९ ऑगस्ट

आज माझी पाळी. मी आमच्या स्वयंपाकघराचं सांगितलं. ते इतकं अरुंद आहे की दोघं आत असली आणि तिसरं आलं, तर एकाला उलटं चालत बाहेर यावं लागतं. मग आई हात दाखवत ओरडते, ‘मागे घे, मागे घे, अजून जागा आहे’, जसं काही बाबा म्हणजे बसच. दाराच्या चौकटीवर माझी उंची मोजल्याच्या खुणा आहेत, त्याही सांगितल्या.

सांगून झाल्यावर खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटलं. खूप हलकं.

१२ ऑगस्ट

सरांनी पहिलं काम दिलं: आपल्या घराचा आराखडा आठवणीतून काढा. मी खूश. बाहेरची खोली काढली, बाबांची खाट, धाकट्या भावाचं टेबल, गॅलरी. मग आतल्या दाराशी आले आणि पेन्सिल थांबली.

त्या दारापलीकडे काय आहे ते मला आठवेना.

सर कागद बघून म्हणाले, तुमच्या घरात स्वयंपाक हवेत करतात वाटतं. वर्ग हसला. मीही हसले. खोलीवर येऊन ९ तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच. पण वाचताना असं वाटलं की हे कुणा दुसऱ्याचं घर आहे, आणि मी तिथे कधीच गेलेली नाही.

१३ ऑगस्ट

आईला फोन करून स्वयंपाकघर कसं आहे ते विचारलं. ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना गं? मग तिने सगळं सांगितलं. ऐकत होते तोवर डोळ्यांपुढे होतं. फोन ठेवला आणि चाळणीत पाणी ओतावं तसं निघून गेलं.

झोप कमी होतेय, दुसरं काही नाही.

दुपारी जेवणाच्या हॉलच्या दारात गर्दी झाली होती. ताईने पुढच्या मुलीला हाताने थोपवलं आणि म्हणाली, ‘मागे घे, मागे घे, अजून जागा आहे.’ आवाज ताईचा नव्हता. आईचा होता. तो शेवटचा हेलसुद्धा.

१६ ऑगस्ट

हे लिहून ठेवायला हवं.

आज रडूबाईचे अप्पा आले. दोन बस बदलून, पिशवी छातीशी धरून. भेटायच्या खोलीत मी तिच्याबरोबर गेले. ते उठून उभे राहिले, आणि तिने नमस्कार करून विचारलं, ‘काका, कुणाला भेटायचंय तुम्हाला?’

त्यांना वाटलं थट्टा करतेय. हसले. तिच्या चेहऱ्यावर मात्र फक्त अदब होती, अनोळखी माणसाला पत्ता सांगताना असते तेवढीच. त्यांचं हसू हळूहळू विझलं. तेवढ्यात माझ्या मागून हाक आली, ‘अप्पा, किती वाळलात हो.’ लाडात ओढलेली, थोडी नाकातली. रडूबाईची हाक. ती ताईने मारली होती.

म्हातारा गोंधळला. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. मग ताई जवळ जाऊन ते पंपाचं गाणं गुणगुणायला लागली, सूर खाली नेत. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवी ताईच्या हातात दिली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

रडूबाई माझ्या कानात म्हणाली, किती गोड आहेत ना ताईचे वडील.

१७ ऑगस्ट

रडूबाईला हलवून विचारलं, घर कुठे तुझं? म्हणाली, हे काय, इथेच. आणि हसली. किती सुखात आहे ती.

वॉर्डनबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं, दार लावलं, म्हणाल्या, घाबरू नकोस, आधी शांत हो, घरी कोण कोण असतं ते सांग बघू. मी रडत रडत बाबांचं सांगितलं, त्यांच्या पाठीचं दुखणं, त्यांचे विनोद. मग बघितलं. बाईंनी मान कलती केली होती.

जीभ चावली. पण तोवर—

वर लिहिलंय की बाबांची खाट बाहेरच्या खोलीत असते. असेल.

१८ ऑगस्ट

निघाले होते. बॅग भरली, फाटकापर्यंत गेले. सोबत्यांनी अडवलं नाही. एकाने प्रेमाने विचारलं, कुठे निघालीस? म्हटलं, घरी. म्हणाला, जा की, आम्ही कशाला नाही म्हणू? पण कुठे आहे ते?

मी तोंड उघडलं.

गावाचं नाव— थांब्याचं नाव— काहीच नाही. रस्ता समोर होता. दोन्ही बाजूंना जात होता.

त्यांनी माझी बॅग उचलून परत वर आणून दिली. फार जपून.

१९ ऑगस्ट

ताप. ताई उशाशी. कपाळावर हात. मी ओठ गच्च मिटून घेतले होते. एक शब्द सांगितला नाही.

फक्त रडले. ग्लानीत. बहुतेक त्यातच काहीतरी—

ती म्हणाली, शाब्बास. झालंच आता.

२० ऑगस्ट

सकाळी फोन आला. एक बाई. किती दिवस झाले, फोन का नाही, जेवतेस ना. मी विचारलं, ‘अहो, कोण बोलताय तुम्ही?’

 मग बाई म्हणाली, ‘तू मला तुम्ही म्हणालीस?’ आणि नंतर, अगदी हळू, ‘तिथेच थांब. मी निघाले.’

नंतर ही वही पहिल्यापासून वाचली. बस चालवणारी बाई. अरुंद स्वयंपाकघर. मग कळलं मी कुणाला तुम्ही म्हणाले.

कळलं. आठवलं नाही.

२१ ऑगस्ट

खिडकीशी बसलेय. वही मांडीवर. ‘तिथेच थांब. मी निघाले’ ही ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय.

फाटकातून एक बाई आली. घाईत. चप्पल एका पायातून निसटतेय. वर बघतेय, सगळ्या खिडक्यांकडे. तीच असणार. मला काहीच वाटत नाही. वाटायला हवं.

ताई जिन्याने उतरली. पावलं ऐकली. धावत गेली—

ताईने हाक मारली. माझ्या आवाजात. बाई वळली. थांबली. दोन पावलं पुढे— पुन्हा थांबली. तिला पटत नाहीये. अजून पटत नाहीये.

पर्समधून फोन काढला तिने. इथे माझा वाजतोय. स्क्रीनवर दोन अक्षरं. ती वाचता येतात. त्यांचा अर्थ—

काय बोलायचं ते आधी लिहून घेते, मग उचलते. नाहीतर तोंडातून जाईल. वर बघ. डावीकडची खिडकी. तुला हाक मारतेय ती खोटी आहे, तिच्याजवळ जाऊ नकोस. मी इथे आहे. मीच तुझी