तुझा आवाज मी ओळखला

रविवार, ९ मार्च

प्रिय मिठ्ठू,

अस्सलामु अलैकुम. आम्ही घरी बरे आहोत, तूही तब्येत सांभाळून असशील. तुरुंगात पत्र पोचतं, पण आधी तिथले शिपाई उघडून वाचतात, असं वकीलबाई म्हणाल्या. वाचू देत. यात लपवण्यासारखं एक अक्षर नाही. शिपाईदादा, तुम्हालाही सलाम.

अब्बांचे गुडघे त्यांच्याशी रोज भांडतात आणि अब्बा आमच्याशी. स्वयंपाकघरातला नळ परत गळायला लागला; अब्बा म्हणतात मीच दुरुस्त करणार, म्हणजे आता बादली कायमची तिथेच. अम्मीने काल तुझ्या पलंगावरची चादर बदलली आणि दार ओढून घेतलं.

मी कामावर जाते. सकाळची पाळी, तोच मार्ग, रेल्वे पुलापासून मोठ्या इस्पितळापर्यंत. बसला समोरची काच नवी बसवली आहे.

तू वकीलबाईंकडे निरोप दिलास तो मिळाला. ‘इमामांनी माझं नाव पोलिसांना दिलं. सुटून आलो की त्यांना बघून घेईन.’ अम्मीसमोरच त्यांनी तो सांगितला. अम्मी उठून आत गेली. त्या निरोपासाठीच हे पत्र. पण आधी काय काय झालं ते माझ्या तोंडून ऐक. आजवर तू सगळं त्या तुझ्या गुरूच्या, हजरतांच्या तोंडून ऐकलंस.

आमच्या डेपोतले उस्ताद वारले. तू त्यांना पाहिलं होतंस, जाड भिंगांचा चष्मा, पानाने लाल झालेले दात. आपल्या धर्माचे नव्हते. मी नवी होते तेव्हा सगळा डेपो म्हणायचा, ही बाई बस चालवणार म्हणजे प्रवाशांनी आधी मृत्युपत्र करून चढावं. ते एकटे माझ्या शेजारी बॉनेटवर बसले. "पोरी, गिअरशी कुस्ती खेळू नकोस, त्याची समजूत काढ," म्हणाले. आज माझ्या हातात जी भाकरी आहे ती त्यांनी शिकवलेल्या विद्येची आहे. ते गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले, शेवटपर्यंत थांबले, त्यांच्या बायकोला धरून बसले. नसते गेले तर माणसात जमा नसते.

दुसऱ्या दिवशी मशिदीच्या फोनवरच्या गटात ते रेकॉर्ड केलेलं बोलणं आलं. ‘जी बाई परक्यांच्या मयताला जाते, परपुरुषांना बसमधून फिरवते, तिचा धर्म संपला. त्या घराशी संबंध तोडा.’ नाव घेतलं नव्हतं. आपल्या मोहल्ल्यात बस चालवणाऱ्या बायका कितीशा आहेत रे?

शुक्रवारी मी नमाजला गेले. वर, बायकांच्या मजल्यावर. खाली तुझ्या हजरतांची माणसं उभी राहिली आणि इमामसाहेबांना म्हणाली, बहिष्कार जाहीर करा. इमामसाहेब चष्मा पुसत राहिले. "नंतर बघू. जुम्म्याच्या दिवशी वाद नको," एवढंच म्हणाले. तुला माहीत आहे, ते भल्या स्वभावाचे, पण भांडणाला भिणारे. मला मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली. मी कठड्यापाशी जाऊन म्हटलं, "इमामसाहेब, नंतर नको. आत्ताच सांगा. माझा धर्म संपला का? संपला असेल तर मी चपला घालून जाते. संपला नसेल तर तेही या सगळ्यांसमोर सांगा."

अख्खी मशीद मान वर करून बघत होती. शेजारच्या खाला माझी ओढणी खेचत होत्या, "बस गं, बस." मी बसले नाही.

इमामसाहेबांनी चष्मा घातला. मग त्यांनी सांगितलं की एकदा पैगंबरसाहेबांसमोरून कुणाची तरी अंत्ययात्रा चालली होती आणि ते उठून उभे राहिले. लोक म्हणाले, तो आपल्यातला नव्हता. ते म्हणाले, तो जीव नव्हता का? एवढं सांगून इमामसाहेब त्या माणसांकडे वळले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण शब्द सरळ होते. "या मुलीने सुन्नत, पैगंबरांची रीत पाळली. तुम्ही कुणाचं पाळताय? कोण मुसलमान आणि कोण नाही, हे ठरवायचा ठेका तुम्हाला कुणी दिला?" ती माणसं पाय आपटत निघून गेली. बाकी सगळे नमाजला उभे राहिले. सगळे, मिठ्ठू. त्या रांगा तू बघायला हव्या होत्यास.

नंतर आलं दुसरं बोलणं. ‘तिची बस कुठून जाते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणीतरी थांबवा तिला.’

आणि कुणीतरी थांबवली. पुलाच्या उतारावर दगड आला, काच फुटली. मी ब्रेक दाबला, बस कडेला लागली. पुढच्या सीटवर एक आजीबाई होत्या. डोळे तपासायला इस्पितळात निघाल्या होत्या. काचेचा तुकडा त्यांच्या भुवईत घुसला. मी माझी ओढणी त्यांच्या कपाळावर दाबून धरली, तर त्या मलाच विचारतात, "तुला लागलं नाही ना, बाळ?" त्यांचा डोळा वाचला. केसाएवढ्या अंतराने.

तू वकीलबाईंना म्हणालास, मी फक्त बोललो, दगड मी मारला नाही. दगडाला डोळे नसतात, मिठ्ठू. त्याला रस्ता कुणीतरी दाखवतं.

पोलीस ठाण्यात साहेबांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्या धर्मात हे असंच चालतं, नाही का?" मी म्हटलं, "साहेब, दगड मारणारा आमच्यातला आणि दगड खाऊन समोर बसलेली मीही आमच्यातलीच. तुम्ही नेमका त्यालाच का आमचा प्रतिनिधी धरता? त्याला मत कुणी दिलं?" डेपोत मॅनेजर म्हणाले, काही दिवस ऑफिसात बसा. मी नाही म्हटलं. एक प्रवासी म्हणाला, बाई, डोक्यावरचं काढून चालवा, लोक बिचकतात. मी म्हटलं, "डोक्यावर आहे, डोळ्यांवर नाही. चढायचं तर चढा, मागे गाड्या थांबल्यात." चढला. उतरताना थँक्यूसुद्धा म्हणाला.

मी विषय टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

त्या दिवशी ठाण्यात साहेबांनी ते बोलणं मला ऐकवलं आणि विचारलं, हा आवाज कुणाचा? तोंडावर फडकं धरून, आवाज जाड करून बोलला होतास. पण तुला ‘र’ म्हणायला मी शिकवलंय. जेवताना ऐकशील ते पोपटासारखं पुटपुटायचास म्हणून मिठ्ठू हे नावही मीच ठेवलं. अम्मीनेही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. फोन उलटा ठेवून ती भांडी घासायला गेली, ती स्वच्छ भांडी परत घासत बसली.

मी साहेबांना म्हटलं, उद्या सांगते. घरी येऊन अब्बांना विचारलं. अब्बा बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, "कुराणाचा हुकूम स्पष्ट आहे. साक्ष खरी द्यायची. स्वतःच्या विरुद्ध गेली तरी, आईबापांच्या, सख्ख्यांच्या विरुद्ध गेली तरी. त्यात ‘पण’ नाही." आणि ते तोंड फिरवून रडले.

इमामसाहेबांनी तुझं नाव दिलं नाही. मी दिलं. सही करून दिलं. बघून घ्यायचं असेल तर मला बघ.

माफी मागत नाही. तुझ्या हजरतांना सांग, आमचा धर्म त्यांच्या बापजाद्यांनी खरेदी केलेला नाही. तो मी नमाजेत शिकले, तसाच उस्तादांच्या शेजारी आणि त्या आजीबाईंच्या कपाळावर हात ठेवतानाही शिकले. तो असा एका दगडासरशी त्यांच्या हवाली करणार नाही. आणि तुलाही त्यांच्या हाती सोडणार नाही. वकीलबाई मीच शोधून काढल्या, हे त्या तुला सांगणार नव्हत्या. आता कळलं.

खटला उभा राहील तेव्हा मी साक्षीच्या पिंजऱ्यात चढेन आणि तुझ्याकडे बघून हेच सगळं परत सांगेन. मग खाली उतरून तुझ्या बाजूच्या बाकावर, अम्मी-अब्बांच्या मधे येऊन बसेन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. दोन्ही जागा माझ्याच आहेत.

तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी,
तुझीच सख्खी,
आपा